यादीतला विषय नको : गोंदिया जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

गोंदिया जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शिकवणारे सर्व सर आणि मॅडम,



अकरावीचे प्रवेश आटोपून वर्ग जरा स्थिर झाले की पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प ठरवायची वेळ येते. बहुतेक ठिकाणी फळ्यावर यादी लागते : जागतिक तापमानवाढ, ओझोनचा थर, प्लास्टिक प्रदूषण, पाणी अडवा पाणी जिरवा. हजेरी क्रमांकाप्रमाणे मुलं एकेक विषय उचलतात. मग कुणी मोठ्या भावाची वही काढतं, कुणी झेरॉक्सच्या दुकानातून तयार मजकूर आणतं, आणि आता तर मोबाईलवर दहा मिनिटांत अख्खा प्रकल्प लिहून मिळतो. रंगीत कव्हर, पहिल्या पानावर ऋणनिर्देश, शेवटी निष्कर्ष. सही होते, श्रेणी मिळते, गठ्ठा कपाटात जातो.

यात तुम्हाला बोल लावायला मी लिहीत नाही. एकेका तुकडीत एवढी मुलं, त्यात अर्धी सीईटीच्या शिकवणीला गुंतलेली. प्रत्येकाला वेगळा विषय शोधून द्यायला वेळ कुठून आणणार? तरीही लिहितो आहे, कारण अलीकडे पालक एक नवा प्रश्न घेऊन येतात. ‘सर, पोराला पुढं विज्ञानातच जायचं आहे. प्रवेशाला कामी येईल असा प्रकल्प कोणत्या विषयात करू द्यावा? बायोलॉजीत की केमिस्ट्रीत?’ तुमच्याकडेही हा प्रश्न येत असेल.

त्याचं खरं उत्तर आधी सांगून टाकू, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही. नीट, जेईई, एमएचटी-सीईटी यांपैकी कोणीही तुमच्या मुलाचा प्रकल्प उघडून बघत नाही. आयसरची स्वतःची अभियोग्यता चाचणी आहे, नायसरला नेस्ट आहे. तिथंही परीक्षेतले गुणच चालतात. ज्याला फक्त एमबीबीएस किंवा बी.टेक. करायचं आहे त्याला ‘प्रकल्पानं प्रवेश मिळेल’ असं सांगणं म्हणजे शुद्ध थाप आहे. पालकांना हे स्पष्ट सांगा.

पण दारं तेवढीच नाहीत. अझीम प्रेमजी विद्यापीठात लेखी परीक्षेसोबत मुलाखत असते. अशोका विद्यापीठ निबंध मागतं आणि मुलाखतही घेतं. इंग्लंडला अर्ज करणाऱ्याला स्वतःविषयीचं निवेदन लिहावं लागतं. २०२६च्या प्रवेशापासून तिथं एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आले आहेत आणि सगळी उत्तरं मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची. हाच विषय का, आतापर्यंतच्या अभ्यासानं तुझी काय तयारी झाली, आणि वर्गाबाहेर तू काय केलंस, असा त्या तीन प्रश्नांचा रोख आहे. आपल्या जिल्ह्यातून अठराव्या वर्षी परदेशी जाणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी, हे मलाही ठाऊक आहे. तरी तिसरा प्रश्न आपल्या मुलांना आज ना उद्या कुणीतरी विचारतंच : एम.एस्सी.च्या वेळी, पीएच.डी.च्या वेळी, उन्हाळी शिबिराच्या अर्जात. आणि बरीच मुलं तिथंच अडखळतात.

मी पदवीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. प्रवेशाच्या मुलाखतींना अधूनमधून बसायची वेळ येते. आपल्याच भागातला एक मुलगा एकदा समोर होता. प्रकल्पाचं नाव होतं ‘वाढत्या तापमानाचा धान पिकावर होणारा परिणाम’. विचारलं, ‘तापमान कुठं मोजलंस?’ म्हणाला, ‘नेटवर होतं सर.’ थर्मामीटर हातात घेतला नव्हता. मग सहज विचारलं, घरी धान आहे का? आहे म्हणाला, तीन एकर. यंदा निसवायला कधी लागलं? आणि तो मुलगा एकदम खुलला. वरच्या बांधीतलं आधी निसवलं, बोडीला लागून असलेल्या बांधीतलं आठवडाभर मागं होतं. वाण एकच? एकच. रोवणी एकाच दिवशी? एकाच दिवशी. मग उशीर का झाला? ‘ते काही पाहिलं नाही सर.’

बोडीचं पाणी थंड असतं म्हणून? तिथं गाळाची जमीन, नत्र जास्त म्हणून? सावली पडते म्हणून? अख्खा प्रकल्प त्याच्या घरामागं उभा होता, आणि यादीनं त्याला जागतिक तापमानवाढीकडं पाठवलं होतं. त्याला जे दिसलं होतं ते विज्ञान आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुण्या-मुंबईच्या आयबी शाळांत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ‘एक्स्टेंडेड एसे’ नावाचा जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा संशोधन निबंध सक्तीचा असतो. तिथले पालकही हेच विचारतात : डॉक्टर व्हायचं तर जीवशास्त्रात लिहायचा का, इंजिनिअर व्हायचं तर भौतिकशास्त्रात का? त्यांची फी आणि प्रयोगशाळा आपल्याला परवडायची नाही, पण त्यांची एक सवय फुकट उचलता येते. तिथं ‘धान’ हा विषय चालत नाही, ‘धानावरील कीड’ही चालत नाही. एकाच वाक्यात मावणारा, हाती असलेल्या साधनांनी उत्तर काढता येईल असा प्रश्न लागतो. शाखेबद्दल माझं मत विचाराल तर, मुलाला पुढं जे शिकायचं आहे त्याच्या जवळचीच शाखा घ्यावी, कारण त्या शाखेचं वाचन आपोआप होतं. पण दोन शाखांमध्ये अडलात तर ज्या शाखेत तो स्वतःच्या हातानं काही मोजू शकेल ती निवडा. चांगल्या मोजमापाचा भौतिकशास्त्राचा प्रकल्प केलेली मुलगी जीवशास्त्राच्या मुलाखतीत कधी मागं पडलेली मी पाहिली नाही.

आता नुसता उपदेश करण्यापेक्षा एक विषय पुरता उलगडून दाखवतो.

गादमाशी आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. डासाएवढी माशी, रात्री दिव्यावर येते. तिची अळी धानाच्या फुटव्यात शिरली की पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी बाहेर पडते. तो पोंगा. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात ही कीड वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे, आणि रोवणी लांबली की पोंगे वाढतात हे कोणताही शेतकरी सांगेल. कृषी विभागाच्या पत्रकांत आणखी एक गोष्ट असते, ती मात्र फारसं कुणी वाचत नाही. या माशीला एक शत्रू आहे. प्लॅटीगॅस्टर ओरायझी नावाची जेमतेम मिलिमीटरभर लांबीची काळी गांधीलमाशी गादमाशीच्या अंड्यात अंडं घालते. तिची पिल्लं अळीला आतून खातात आणि पोंग्यातून गादमाशीऐवजी तीच बाहेर पडतात.

तर प्रश्न असा : उशिरा रोवलेल्या बांधीत गादमाशी जास्त असते, मग तिचा शत्रूही तिथं जास्त असतो का?

एका ओळीचा प्रश्न आहे, आणि अमुक गावच्या अमुक दोन बांध्यांत यंदा काय घडलं याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. साधनं काय लागतील? प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, ओला कापूस, तोंडाला बांधायला मलमलीचं कापड, हातभिंग. गावात एक लवकर रोवलेली आणि एक उशिरा रोवलेली बांधी शोधायची, वाण एकच हवा. बांधीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडं चालायचं आणि ठरावीक पावलांवर जी चूड येईल तीच पाहायची. धुऱ्यावरून हात पोचतो तेवढेच पोंगे काढले तर ती निवड फुकट. प्रत्येक चुडीचे एकूण फुटवे मोजायचे, त्यांतले पोंगे मोजायचे. वर भोक पडलेला पोंगा घ्यायचा नाही; त्याच्या टोकाला कोषाची कात लटकलेली दिसते, म्हणजे माशी उडून गेली. बंद पोंगे दोन्ही बांध्यांतून पंचवीस-पंचवीस आणायचे.

इथं एक खाच आहे, आणि प्रकल्पाची सगळी गंमत तीतच आहे. सगळे पोंगे एका बरणीत भरून ठेवले आणि बाहेर पडलेल्या किड्यांची मोजदाद केली तर उत्तर साफ चुकेल. प्लॅटीगॅस्टरच्या एका अंड्याचे विभाजन होऊन अनेक भ्रूण तयार होतात. एका अळीतून या गांधीलमाश्यांचा अख्खा घोळका निघतो, गादमाशी मात्र एका पोंग्यातून एकच. म्हणून प्रत्येक पोंगा वेगळ्या नळीत, नळीवर क्रमांक आणि तारीख, आणि मोजायचे ते पोंगे, माश्या नव्हेत. काही नळ्यांतून काहीच निघणार नाही. त्यांचा तिसरा रकाना करायचा, त्या गुपचूप फेकून द्यायच्या नाहीत. मुलीनं हे आपलं आपण शोधलं, किंवा आधी चुकून मग वहीत लिहिलं, तर मुलाखतीत तिच्याकडं दहा मिनिटं बोलायला सामान आहे. ‘तुझ्या पद्धतीत काय चुकू शकलं असतं?’ या एका प्रश्नावर तयार मजकूरवाल्यांची दांडी गुल होते.

फवारणी झालेल्या बांधीत मुलांना किमान काही दिवस पाठवू नका, आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय एक काडीही तोडायची नाही. साकोलीचं कृषी संशोधन केंद्र फार दूर नाही, हिवऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. गांधीलमाशी हीच का, हे ओळखायला तिथल्या कीटकशास्त्रज्ञाला नळी दाखवता येईल.

हे लिहिताना दादाजी खोब्रागडे आठवणं साहजिक आहे. आपल्या गोंदिया-बल्लारशा लाईनवरच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, मग पुन्हा पेरल्या. त्यातून आलेला वाण एचएमटी घड्याळाच्या नावानं देशभर पोचला. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्याबद्दल आपण भाषणं बरीच करतो, पण त्यांची पद्धत वर्गात शिकवत नाही : वेगळं दिसलं ते बाजूला ठेवायचं, सोबतच्या पिकाशी ताडून पाहायचं आणि एका हंगामावर भरवसा ठेवायचा नाही.

आता सारसाबद्दल. गोंदियाच्या मुलाला ‘स्थानिक विषय घे’ म्हटलं की दहातली सात सारस म्हणतात, आणि मी म्हणेन, शक्यतो नको. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात, थोडा भंडाऱ्यात, आणि नदीपलीकडं बालाघाटात. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्या संवर्धनाचा प्रश्न स्वतःहून जनहित याचिका म्हणून हाती घेतला, यावरून त्याची स्थिती समजावी. घरटं धानाच्या बांधीत, अंडी बहुतेक दोनच. तिथं वर्गातली मुलं मोबाईल घेऊन उभी राहिली तर जोडी घरटं सोडून जाऊ शकते. शिवाय इतक्या थोड्या पक्ष्यांवर एका मुलाला एका हंगामात काही सिद्ध करता येत नाही. फोटो छान येतात, प्रकल्प होत नाही. ज्याला सारसच हवा त्यानं दरवर्षीच्या गणनेत स्वयंसेवक व्हावं. प्रकल्पासाठी त्याच बांध्यांवरचा साधा बगळा घ्यावा. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरमागं किती येतात आणि बैलांमागं किती, हे मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. नागझिरा-नवेगावच्या हद्दीतलं काहीही करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी, ही गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी दोन विषय मोहात पाडतात. एक सिकलसेल. पूर्व विदर्भात तो घराघरांतला प्रश्न आहे, २०२३ पासून त्याचं राष्ट्रीय अभियानही चालू आहे. पण वर्गमित्रांना ‘तुमच्या घरी कुणाला आहे का’ विचारत फिरणारा सोळा वर्षांचा मुलगा नकळत एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतो. रक्ताचे नमुने आणि घराण्याची माहिती शाळेच्या प्रकल्पात नकोच. दुसरा लाखोळीचा. धानामागं पेरायची ही डाळ, तिच्यावरची जुनी बंदी, तिच्यातलं ओडॅप हे विष, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष उतरतं हा अनुभव. विषय झकास आहे. पण ओडॅप मोजायला लागणारी रसायनं आणि यंत्र कनिष्ठ महाविद्यालयात नसतं. ‘विष कमी झालं’ असं न मोजता लिहिणं म्हणजे पुन्हा ‘नेटवर होतं सर’च झालं. एखाद्या विद्यापीठाची प्रयोगशाळा दार उघडत असेल तरच हात घाला.

ज्यांना जीवशास्त्र नकोच, त्यांच्यासाठी थोडक्यात. भौतिकशास्त्राच्या मुलांनी एक मीटरची काठी घ्यावी. गोंदिया आणि अर्जुनी मोरगाव यांच्यात उत्तर-दक्षिण अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. एकाच दिवशी दोन्हीकडं मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजली तर जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडेल, आणि तेवढ्यावरून पृथ्वीचा घेर काढता येतो. काढता येतो म्हणजे चांगलाच चुकेल, कारण काठी एक अंश कलली तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. किती चुकला, का चुकला, ओळंबा लावल्यावर किती सुधारला, हाच प्रकल्प. दोन महाविद्यालयांनी मिळून करायचा, म्हणजे तुमचीही ओळख वाढेल. रसायनशास्त्राला राईस मिल आहेतच. धानाचं तूस जाळल्यावर वजनाचा पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतांशी सिलिका असते. ती राख हातपंपाच्या पाण्यातला लोखंडाचा तांबूसपणा किती कमी करते, हे रंगाच्या तुलनेवरून बऱ्यापैकी सांगता येतं. मामा तलावावर स्टीलच्या झाकणाला काळा-पांढरा रंग देऊन दोरीनं सोडलं, दिसेनासं झालं ती खोली टिपली, आणि हे जुलै ते डिसेंबर दर आठवड्याला केलं, तर पाण्याच्या गढूळपणाची अशी नोंद होईल जी त्या तलावासाठी कदाचित कुणीच ठेवलेली नाही. गणिताच्या मुलीला गोंदिया जंक्शनवर बसवा : हावड्याकडून येणाऱ्या गाड्या जास्त उशिरा की मुंबईकडून येणाऱ्या, आणि ‘सरासरी उशीर’ हा आकडा प्रवाशाच्या खरंच कामाचा आहे का? (आईवडील म्हणतील पोरगी वाया गेली. त्यांना आलेख दाखवा.)

यात तुमचं काम किती, हा रास्त प्रश्न. सगळ्या वर्गाचं असं होणार नाही, आणि व्हायलाही नको. ज्यांना नीटशिवाय काही दिसत नाही त्यांना यादीतला विषय घेऊ द्या, त्यात पाप नाही. पण दर तुकडीत पाच-सात मुलं अशी असतात की जी विचारल्यावर घरामागच्या बोडीबद्दल बोलायला लागतात. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी करा. एक, त्यांचा प्रश्न कापून लहान करा. मुलं मोठा विषय घेऊन येतात; ‘कोणत्या बांधीत, कोणत्या महिन्यात, काय मोजणार’ एवढं विचारलं की तो आपोआप आटतो. दोन, कच्ची वही मागा. सुवाच्य प्रत नको, चिखलाचे डाग आणि खाडाखोड असलेली. दर आठवड्याला तिच्यावर तारखेसह सही करा. हीच वही पुढं राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत कामाला येते. शिफारसपत्र लिहायची वेळ आली तर ‘विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे’ या वाक्यापलीकडं तुमच्याजवळ लिहायला काही असेल. आणि प्रकल्पाचं उत्तर ‘फरक आढळला नाही’ असं आलं तर कृपा करून गुण कापू नका. ते उत्तर खोटं करून आणायला मुलं आपल्याचकडून शिकतात.

इंग्रजीची धास्तीही जरा बाजूला ठेवू. प्रकल्प मराठीत लिहू द्या. पोंगा, चूड, निसवणं हे शब्द मुलांना घरून येतात आणि त्या शब्दांतच त्यांचं निरीक्षण नेमकं असतं. अर्जासाठी इंग्रजी सारांश बारावीच्या दिवाळीत करता येईल. तोवर सांगण्यासारखं काही हातात असेल तर भाषांतर अवघड जात नाही.

राहता राहिला वेळ. उशिराच्या रोवणीतले पोंगे सप्टेंबरपर्यंत मिळतात, त्यानंतर धान निसवायला लागतं आणि ही संधी पुढच्या खरिपावर जाते. पुढच्या खरिपात मुलं बारावीला असतील आणि तेव्हा त्यांना कुणी बांधीकडं फिरकू देणार नाही. म्हणून यंदा यादी फळ्यावर लिहिण्याआधी पाच-सात मुलांना बाजूला घ्या, आणि पोळ्याच्या आत त्यांच्या हाती परीक्षानळ्या द्या. पन्नास नळ्या एकदम देणं जड वाटत असेल तर शेजारच्या महाविद्यालयाकडून उसन्या मागा. फुटल्या तर भरून देऊ म्हणावं.

आपला,
आमगाव तालुक्यातला एक जीवशास्त्र शिक्षक